२९४० लावलं, ड्राइव्ह दिसत नाही? आधी कार्डाची शेपटी वाचा

दीड-दोन महिन्यांनी एकदा तरी हा निरोप येतोच. सोबत एक फोटो, तोही ट्यूबलाइटखाली काढलेला, आणि जिथे नंबर छापलेला असतो नेमका तोच कोपरा चकाकतोय. "दादा, जुनं ॲडॅप्टेक २९४० मिळालं. कार्ड सापडतंय, पण ड्राइव्ह दिसत नाही. ड्राइव्ह गेली म्हणायची का?"

मी उलट एकच विचारतो, २९४०च्या पुढे काय लिहिलंय? उत्तर ठरलेलं. "पुढे काय असायचं? २९४०."

घोळ इथेच आहे. ही ॲडॅप्टेक कंपनीची स्कझी कार्डं, म्हणजे जुन्या हार्ड डिस्क, स्कॅनर वगैरे कॉम्प्युटरला जोडायची. २९४० हे एका कार्डाचं नाव नाही, ते आडनाव आहे. त्या घरात डझनभर भावंडं. कुणाला ५० पिनांचा सॉकेट, कुणाला ६८चा, कुणाला चार-चार, आणि एक चुलतभाऊ असा की त्याचा चेहरा हुबेहूब बाकीच्यांसारखा, पण विजेची भाषाच निराळी. ड्राइव्ह मेली असं ठरवण्याआधी कार्ड नेमकं कुठलं ते कळलं पाहिजे. ते कळेपर्यंत केबल बदलू नका, जंपर (पिनांवर बसवायच्या छोट्या टोप्या) हलवू नका आणि नवीन काही विकत तर मुळीच घेऊ नका.

नाव कुठे वाचायचं

विकणाऱ्याने चिकटवलेल्या कागदावर नाही. कार्ड ज्या पिशवीत आलं त्यावर नाही. खोक्यावर तर नाहीच, कारण खोकी तीस वर्षांत किती हात फिरली असतील कोण जाणे. हिरव्या पाटीवर पांढऱ्या शाईत थेट छापलेलं असतं ते खरं: एएचए, मग आकडा, मग अक्षरं. कधी ते चिपांच्या मध्ये असतं, कधी वरच्या कडेला, कधी मागच्या बाजूला. टॉर्च समोरून मारू नका, आडवा धरा. शाई किंचित उठावदार असते, तिरप्या उजेडात पुसट अक्षरंही वाचता येतात.

दुसरी खूण मुख्य चिपेवर असते. सगळ्यात मोठा चौकोनी काळा ठोकळा, त्यावर एआयसी आणि चार आकडे. त्यावरून स्कझीच्या वेगाची पिढी कळते: तिथे ७८७० असेल तर फास्ट पिढी, ७८८० असेल तर अल्ट्रा, ७८९० किंवा ७८९१ असेल तर अल्ट्रा-टू, ७८९२ असेल तर अल्ट्रा-१६०. ७८६० किंवा ७८५० दिसली तर ते स्वस्तातलं ५० पिनी भावंड, त्याला ६८ पिनी सॉकेट शोधत बसू नका. सर्व्हर बनवणाऱ्या कंपन्यांनी हीच कार्डं स्वतःचे नंबर चिकटवून विकली, त्यामुळे पाटीवर अनोळखी नाव असलं तरी चिप ओळखीची निघते.

तिसरी खूण मला सगळ्यात जास्त आवडते, कारण तिला चष्मा लागत नाही. कार्ड मदरबोर्डाच्या पीसीआय स्लॉटात बसणारं असेल तर लिनक्सच्या कुठल्याही लाइव्ह डिस्कवर मशीन सुरू करा, टर्मिनल उघडा, एलएसपीसीआय लिहून पुढे वजाचिन्ह आणि दोनदा एन द्या. प्रत्येक कार्डापुढे दोन आकड्यांची जोडी येते. पहिला आकडा कंपनीचा, दुसरा कार्डाचा. ९००४ म्हणजे जुनं ॲडॅप्टेक, ९००५ म्हणजे नंतरचं. १००० म्हणजे एनसीआर, जे पुढे सिम्बायॉस झालं आणि मग एलएसआय लॉजिककडे गेलं. १०७७ म्हणजे क्यूलॉजिक, १०४बी म्हणजे बसलॉजिक. विंडोजवर हेच आकडे डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडीखाली सापडतात, ड्रायव्हर नसला तरीही.

सुरू होताना पडद्यावर येणाऱ्या ओळीवर मात्र विसंबू नका. यू आणि यूडब्ल्यू या दोन्ही कार्डांची ओळ "अल्ट्रा/अल्ट्रा डब्ल्यू" अशी एकत्रच येते. म्हणजे जे विचारायचं तेच ती सांगत नाही.

शेपटी

नुसतं एएचए-२९४० म्हणजे फास्ट स्कझी, आठ बिटी, सेकंदाला १० मेगाबाइट. आत ५० पिनांची दुहेरी रांग, बाहेर ५० पिनांचा लहान दाट सॉकेट. पुढे डब्ल्यू लागला की वाइड, म्हणजे सोळा बिटी, २० मेगाबाइट आणि ६८ पिना. डब्ल्यूऐवजी यू लागला तर रुंदी आठ बिटीच राहून वेग दुप्पट, म्हणजे पुन्हा २० मेगाबाइटच, पण ५० पिनांवर. यू आणि डब्ल्यू दोन्ही लागले की ४० मेगाबाइट. जुन्या बाजारात सगळ्यात जास्त दिसतं ते हेच, २९४०यूडब्ल्यू. एयू म्हणजे ७८६० चिपेचं स्वस्त अल्ट्रा, फक्त ५० पिनी. यूटूडब्ल्यू म्हणजे एलव्हीडी (कमी व्होल्टेजचं डिफरेन्शियल), ८० मेगाबाइट, त्याच्याबद्दल पुढे बोलू. आणि शेवटी किट लिहिलं असेल तर त्यावरून कार्डात काही फरक पडत नाही, खोक्यात केबल आणि पुस्तिका होती एवढंच.

पुढच्या पिढीतही हीच गंमत आहे. २९१६० आणि २९१६०एन यांत फरक बाहेरच्या सॉकेटाचा आणि पीसीआयच्या रुंदीचा, एन म्हणजे नॅरो, बाहेर ५० पिना, आणि ते ३२ बिटी. २९१६० पाहून लोक घाबरतात कारण ते ६४ बिटी, स्लॉटपेक्षा लांब. घाबरू नका. ते साध्या ३२ बिटी स्लॉटमध्ये चालतं, मागचा तुकडा हवेत लोंबकळतो. फक्त त्या तुकड्याखाली मदरबोर्डावरचा एखादा कपॅसिटर टेकत नाही ना, एवढं बघा.

माझी फजिती

आता हे सगळं शहाणपण कुठून आलं ते सांगतो.

सदाशिव पेठेतल्या एका प्रेसवाल्या काकांची बाहेरची ड्राइव्ह माझ्याकडे आली होती. जाड राखाडी डबा, मागे ५० पिनांचे दोन रुंद सॉकेट, मधे एक इवलंसं बटण आणि त्याच्या खिडकीत आकडा. नव्वदच्या दशकात त्यांचं सगळं काम मॅकवर चालायचं, आणि कित्येक दिवाळी अंकांची पानं त्या डब्यात. मॅक कधीच भंगारात गेला होता. काका म्हणाले, "बघ बाबा, निघालं तर निघालं. घाई नाही."

मी ऑनलाइन एक २९४०यूडब्ल्यू मागवलं. विकणाऱ्याने तसंच लिहिलं होतं, कार्डावरच्या स्टिकरवरही तसंच. ६८ पिनी सॉकेट बाहेर, आत तसाच, सगळं पुस्तकासारखं. डब्यासाठी ६८ ते ५० अशी केबल आणली. कार्ड लिनक्सला दिसलं, ड्रायव्हर चढला, आणि पुढे शून्य. सगळे आयडी, म्हणजे केबलवरच्या उपकरणांचे नंबर, रिकामे. केबल बदलली, टर्मिनेटर (केबलच्या टोकाला सिग्नल परतू नये म्हणून लावायचा तुकडा) बदलला, डब्यातून ड्राइव्ह काढून थेट लावली. दीड दिवस गेला. बायको म्हणाली, "हा डबा आता घरचाच झाला."

मग एकदाचा आकडा नीट वाचला. ९००४:८४७८. यूडब्ल्यूचा असतो ९००४:८१७८. एक अंक. स्टिकर नखाने सोलला, तर खाली पाटीवर छापलेलं: एएचए-२९४४यूडब्ल्यू.

२९४४ म्हणजे एचव्हीडी, जास्त व्होल्टेजचं डिफरेन्शियल. प्रत्येक सिग्नलसाठी दोन तारा, आणि त्यांतला फरक मोजायचा. ही पद्धत लांब अंतरासाठी होती, २५ मीटरपर्यंत केबल चालायची, मोठ्या टेप लायब्ररींना वगैरे. साध्या ड्राइव्ह सिंगल-एंडेड असतात, एक तार सिग्नलची आणि जोडीची तार जमिनीला, म्हणजे ग्राउंडला. दोघांचे सॉकेट सारखेच. पण केबलमध्ये डिफसेन्स नावाची एक तार असते. साधी ड्राइव्ह ती जमिनीला बांधते, आणि एचव्हीडी कार्ड ते पाहून सिग्नल पाठवणारे स्वतःचे सगळे भाग बंद करून बसतं. म्हणून काही जळलं नाही आणि काही दिसलंही नाही. कार्ड चांगलं, ड्राइव्ह चांगली, फक्त एकमेकांशी बोलणं नाही.

हे एका नजरेत ओळखायची सोय आहे. सॉकेटाजवळ किंवा कार्डाच्या मागच्या धातूच्या पट्टीवर चौकट तिरकी उभी केल्यासारखं एक चिन्ह असतं, आणि शेजारी अक्षरं: एसई (सिंगल-एंडेड), एलव्हीडी, एलव्हीडी/एसई किंवा डीआयएफएफ. शेवटचं दिसलं की हात मागे घ्या. ॲडॅप्टेकच्या जुन्या पीसीआय कार्डांत आकडा ४ने संपत असेल, २९४४, ३९४४, तर तोही इशाराच.

नाव तेच, पोटात दुसरंच

दुसरा वारंवार येणारा घोळ २९२०चा. १९९५ मध्ये ॲडॅप्टेकने फ्यूचर डोमेन ही कंपनी विकत घेतली, आणि तिची चिप घालून २९२० नावाचं कार्ड काढलं. नंतर २९२०सी आलं, त्यात ॲडॅप्टेकची स्वतःची ७८५०. बाहेरून फरक एका अक्षराचा, आतून दोन वेगळ्या जाती. लिनक्समध्ये २९२० आणि २९२०एला फ्यूचर डोमेनचा ड्रायव्हर लागतो, २९२०सीला एआयसी-७ मालिकेचा. विंडोजवर चुकीचा ड्रायव्हर चढवला की पिवळं उद्गारचिन्ह येतं आणि माणूस कार्ड मेलं म्हणून फेकतो. पीसीआय आकडा १०३६ने सुरू झाला तर फ्यूचर डोमेन, ९००४ असेल तर ॲडॅप्टेक. संपला विषय.

उलटा प्रकार मॅकच्या कार्डांचा. पॉवरडोमेन २९४०यूडब्ल्यू आणि पीसीचं २९४०यूडब्ल्यू ही जवळपास जुळी. पण मॅकला सुरू होताना कार्डाच्या रॉममध्ये ओपन फर्मवेअरला (मॅक सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) समजेल असा कोड लागतो. पीसीचं कार्ड मॅकमध्ये खोचून त्यावरून बूट करायला गेलात तर होणार नाही. मॅकचं कार्ड पीसीत लावलंत तर मशीन सुरू होताना कंट्रोल-ए दाबून येणारा सेटिंगचा मेनू येणार नाही. नुसता डेटा काढायचा असेल तर लिनक्सला त्या मेनूची गरज नसते, म्हणून मला ही कार्डं चालतात.

बाहेरचा सॉकेट

इथे पट्टी घेऊन बसा. खरंच, शाळेतली सहा इंची पट्टी.

सगळ्यात रुंद, सहा-साडेसहा सेंटिमीटरचा, मधे चपटी जीभ आणि दोन्ही बाजूंना तारेच्या कड्या: हा सेंट्रॉनिक्स ५०. जुन्या प्रिंटरच्या मागे असायचा त्याचा मोठा भाऊ. डबे, स्कॅनर, सीडी ड्राइव्ह यांच्या मागे हाच जास्त. बारीक पिनांच्या दोन दाट रांगा, साडेतीन सेंटिमीटर, बाजूंना दाबून सोडवायच्या खिट्ट्या: ५० पिनी दाट सॉकेट, नॅरो कार्डांवरचा. तसाच पण पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास, आणि खिट्ट्यांऐवजी आंगठ्याने फिरवायचे स्क्रू: ६८ पिनी, वाइड. स्क्रू की खिट्टी हे बघितलं तर पिना मोजायची वेळ सहसा येत नाही. ६८चा अजून एक अतिदाट प्रकार आहे, तीन सेंटिमीटरच्या जरा पुढे, तो नंतरच्या सर्व्हर कार्डांवर, एकाच पट्टीत दोन-दोन बसावेत म्हणून.

आणि मग २५ पिनी. हा मात्र जपून. ॲपलने १९८६च्या मॅक प्लसपासून स्कझीसाठी २५ पिनांचा डी सॉकेट वापरला, खर्च वाचवायला. पीसीवर प्रिंटरसाठीही मागे नेमका तसाच २५ पिनी मादी सॉकेट. स्कझीचं उपकरण प्रिंटर पोर्टात घातलं तर चालणार तर नाहीच, दोघांपैकी कुणीतरी जळूही शकतं. झिप ड्राइव्ह घेताना हे नक्की बघा. स्कझीवाल्या झिपच्या मागे दोन्ही सॉकेट सारखे असतात, शेजारी टर्मिनेशनचं बटण आणि ५ की ६ ते निवडायचं बटण. प्रिंटर पोर्टवाल्या झिपच्या मागे एक नर आणि एक मादी. एवढं लक्षात राहिलं तर जुन्या बाजारात दोन मिनिटांत निकाल लागतो.

२५ पिनी सॉकेट असलेली छोटी आयएसए (पीसीआयच्या आधीच्या स्लॉटाची) कार्डं स्कॅनरसोबत फुकट यायची. डीटीसी ३१८१ई त्यांतलंच. त्यांवर बायोस नाही, वेग नाही, इंटरप्टसुद्धा बहुधा नाही. स्कॅनर चालवण्यापुरती केलेली. त्यावर हार्ड डिस्क लावून "दिसत नाही" म्हणणं म्हणजे सायकलच्या कॅरियरवर कपाट ठेवण्यासारखं आहे. अशा कार्डाशी झटत बसू नका, पीसीआय घ्या.

आतली बाजू सोपी. अडीच मिलिमीटर अंतराच्या जाड पिना, २५-२५च्या दोन रांगा: नॅरो. आयडीईला (साध्या पीसीच्या जुन्या हार्ड डिस्कच्या जोडणीला) ४० असतात, फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून मोजा. बारीक पिना, भोवती समलंब पत्रा: ६८. ड्राइव्हच्या मागे वेगळी पॉवर नाही, एकच लांबट ८० पिनी सॉकेट: ती सर्व्हरच्या कप्प्यातली, तिला अडॅप्टर लागेल, आणि आयडीचे जंपर त्या अडॅप्टरवर असतील, ड्राइव्हवर नाहीत.

५० पिनी केबल उलटी लागली तर? खाच नसलेल्या सॉकेटात लागते. त्या काळच्या माणसांनी याचाही विचार केला होता. टर्मिनेटरला वीज देणारी पिन २६ नंबरची, आणि केबल उलटी केली की तिच्या जागी २५ येते. म्हणून २५ मुद्दाम मोकळी सोडलेली असते, कशालाही न जोडता. धूर निघत नाही, मशीन फक्त अडकतं. लाल रेघ एक नंबरच्या बाजूला करा आणि पुन्हा चालू करा.

तीन सॉकेट दिसले म्हणून तिन्ही वापरायचे नसतात

यूडब्ल्यूवर तीन आहेत: आत ६८, आत ५०, बाहेर ६८. एका वेळी कुठलेही दोनच. स्कझी ही एकच सरळ दोरी आहे, तिला दोन टोकं असतात आणि दोन्ही टोकांना टर्मिनेटर. तिसरी फांदी फुटली की सिग्नल टोकावरून परततो आणि मशीन आयडी शोधताना मधेच थिजतं. हे दिसायला ड्राइव्ह खराब झाल्यासारखंच दिसतं.

कार्ड स्वतः टोक आहे की मधे, हे कंट्रोल-ए दाबून येणाऱ्या मेनूत ठरतं. मूळ सेटिंग ऑटोमॅटिक, आणि बहुतेक वेळा तेच बरं. फक्त बाहेरच्या सॉकेटात रिकामी केबल लोंबकळत ठेवू नका, मग कार्डाला वाटतं तिकडे कुणीतरी आहे. हाताने ठरवायचं झालं तर एक गोष्ट लक्षात घ्या. वाइड दोरीचे दोन भाग आहेत, खालचे आठ बिट आणि वरचे आठ. एका बाजूला ६८, दुसऱ्या बाजूला आतली ५० असेल तर खालचे आठ कार्डातून पुढे जातात, पण वरचे आठ कार्डापाशीच संपतात. म्हणून लो ऑफ, हाय ऑन. हे उलटं झालं तर ड्राइव्ह दिसते, नाव येतं, आणि मोठी फाइल कॉपी करताना मधेच सगळं गळपटतं. मला सगळ्यात छळणारी लक्षणं हीच, अर्धवट चालणारी.

हाच नियम ६८ ते ५० अडॅप्टरला. ६८च्या केबलच्या अगदी टोकाला नॅरो ड्राइव्ह लावत असाल तर वरच्या आठ बिटांचं टर्मिनेशन असलेला अडॅप्टर हवा. मधे लावत असाल तर नसलेला. दुकानदाराला हा फरक माहीत नसतो, दोन्ही एकाच पेटीत पडलेले असतात. उघड्या पाटीवर बारीक रेझिस्टरांची रांग दिसली तर टर्मिनेशनवाला.

एलव्हीडीला आलं की आणखी एक फास. अल्ट्रा-टू आणि पुढच्या ड्राइव्हवर टर्मिनेशन नसतंच. त्यावर जंपर शोधत तास घालवणारे मी पाहिलेत, त्यांत मीही होतो. केबलच्या टोकाला वेगळा एलव्हीडी टर्मिनेटर लागतो, आणि तो सगळ्यात शेवटच्या सॉकेटात, मधल्या कुठल्यातरी नाही. २९४०यूटूडब्ल्यूवर चार सॉकेट असतात, कारण त्यात दोन वेगळे भाग आहेत. एलव्हीडीचे आत-बाहेरचे ६८ एकीकडे, जुन्या पद्धतीचे ६८ आणि ५० दुसरीकडे, मधे एक छोटी चिप दोघांना जोडते. पाटीवर कुठला कुठला ते लिहिलेलं असतं. जुनी ड्राइव्ह एलव्हीडीच्या भागात लावली तर काही मोडत नाही, पण तो अख्खा भाग खाली येऊन ४० मेगाबाइटवर चालतो. "माझं ८०चं कार्ड ४०वर का चालतं" याचं उत्तर बहुधा त्या एका पाहुण्यात असतं.

लांबीही मोजा, आतली अधिक बाहेरची. अल्ट्रा सिंगल-एंडेडला चार उपकरणांपर्यंत ३ मीटर, त्याहून जास्त असतील तर दीड मीटर. फास्टला ३, सगळ्यात जुन्या संथ प्रकाराला ६. एलव्हीडीला १२. लांबी जास्त असेल तर कंट्रोल-एमध्ये त्या आयडीचा वेग कमी करून बघा. त्याने चाललं, तर दोष केबलचा.

तरीही दिसत नसेल

काकांच्या डब्याकडे परत येतो. २९४४ बाजूला ठेवलं आणि मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून एक नॅरो कार्ड आणलं, या वेळी शेपटी वाचून. लावलं, तर आयडी शोधताना एकच ड्राइव्ह प्रत्येक नंबरवर. शून्यालाही तीच, एकलाही तीच. हे लक्षण पाठ करून ठेवा. ड्राइव्हचा आयडी कार्डाच्या आयडीशी टक्करतोय. कार्ड ७वर असतं. डब्याच्या मागची खिडकी पाहिली, तर वाहतुकीत बटण दाबलं जाऊन ७ झालेला. ३ केला.

पुन्हा चालू केलं, आता एकच दिसली, पण नाव अर्धं कचऱ्यासारखं. मीटर काढला. आतल्या ५० पिनी सॉकेटात सम आकड्यांची रांग घ्या, तिच्या बरोबर मधली पिन २६ची, तेरावी. काळी वायर मशीनच्या पत्र्याला, लाल त्या पिनेला. ४.२५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. शून्य आले. सॉकेटाजवळ तांदळाच्या दाण्याएवढा फ्यूज, त्याच्या दोन टोकांत जोड नाही. तीस वर्षांत कधीतरी कुणीतरी शॉर्ट केलं असणार. टर्मिनेटर जागेवर होता, पण त्याला वीजच नव्हती. त्याच किमतीचा फ्यूज बसवला. तार घालून काम भागवू नका, पुढच्या शॉर्टला पाटीवरचा ट्रॅकच फ्यूज होईल.

हे दोन सोडून आणखी दोन कारणं वरचेवर भेटतात. सर्व्हरमधून काढलेल्या ड्राइव्ह हुकूम मिळेपर्यंत फिरत नाहीत. कान लावा. मोटरचा आवाज नसेल तर मेनूत त्या आयडीसाठी सेंड स्टार्ट युनिट कमांड चालू करा. दुसरं, वाइड ड्राइव्हचा आयडी ८ किंवा वर असेल आणि कार्ड नॅरो असेल, तर ती जन्मात दिसणार नाही. नॅरो कार्डाला ० ते ७ इतकंच मोजता येतं. आणि ड्राइव्ह दिसते पण वाचता येत नाही, सेक्टर ५२०चा आहे असं लिनक्स कुरकुरत असेल, तर ती मोठ्या स्टोरेज पेटीतली. ती पुन्हा फॉरमॅट करून ५१२वर आणता येते, पण आतलं सगळं जातं, तेव्हा आधी विचार करा.

आयएसएवाल्यांसाठी थोडक्यात. ॲडॅप्टेकचं १५४२ असेल तर मूळ सेटिंग पोर्ट ३३०, इंटरप्ट ११, डीएमए ५. साउंड कार्डाचा मिडी पोर्टही ३३०वरच बसतो, म्हणून आधी साउंड कार्ड काढून बघा. १५४२सीपी प्लग अँड प्ले आहे, त्याच्या आधीची जंपर किंवा स्विचवाली. १५४० म्हणजे तेच, फ्लॉपीचा सॉकेट वगळून.

काकांची ड्राइव्ह फ्यूजनंतर पहिल्या झटक्यात आली. तिच्यावर काहीही लिहू न देता आधी अख्खी प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, उतरवून घेतली, मग मॅकची जुनी फाइल रचना लिनक्सवर उघडली. चौदा दिवाळी अंकांची पानं निघाली. कार्ड ओळखायला दीड दिवस आणि प्रतिमा उतरवायला पाऊण तास.

मला फोटो पाठवायचा असेल तर तीन पाठवा. पाटीवर छापलेलं नाव, तिरप्या उजेडात. कार्डाची मागची धातूची पट्टी, शेजारी मोजपट्टी ठेवून. आणि एलएसपीसीआयची ती एक ओळ. ड्राइव्हचा फोटो नंतर.

ते २९४४ अजून माझ्या कपाटात आहे. पाटीवरच्या नावाशेजारी मी लाल मार्करने डीआयएफएफ लिहून ठेवलंय. कुणाकडे एचव्हीडी टेप ड्राइव्ह पडून असेल तर घेऊन जा.